घरपट्टी : मोजणी कोणाची, भार कोणावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



साबणावरचा कर साबणाच्या किमतीत विरघळून जातो आणि बसच्या तिकिटातला कर प्रवाशाच्या ध्यानीही येत नाही. घरपट्टीचे तसे नाही. तिचे बिल दारात येऊन पडते, त्यावर घराचा क्रमांक असतो, धारकाचे नाव असते आणि भरण्याची शेवटची तारीख असते. इतका उघड असा कर दुसरा नाही. तथापि बिलावरचा आकडा कोणत्या गणिताने आला, हे विचारले तर बहुतेक घरमालक निरुत्तर होतात. कर दिसतो, कराचे गणित दिसत नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे.

या अज्ञानाचे दोन परिणाम होतात. सामान्य घरमालक चुकीची आकारणीही निमूटपणे भरतो, हा पहिला. करवाढीविरुद्ध कोणीही हाक दिली की तो त्या मोर्चात सामील होतो, मग ती हाक दोन खोल्यांच्या रहिवाशांची असो की मोकळे भूखंड अडवून बसलेल्यांची, हा दुसरा. पहिल्याने त्याचे पैशाचे नुकसान होते आणि दुसऱ्याने त्याच्या विवेकाचे. कार्यकर्त्याला दोन्ही टाळायचे असतील, तर आकारणीचे शास्त्र त्याने समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मूल्यांकन म्हणजे कर नव्हे. घराचे मूल्य ठरविणे ही एक क्रिया आणि त्या मूल्यावर कराचा दर लावणे ही दुसरी. पहिली क्रिया प्रशासकीय आहे. करनिर्धारण खात्याचा अधिकारी ती कायद्यानुसार आणि नियमांनुसार करतो. दुसरी राजकीय आहे. कायद्याच्या मर्यादेत दर किती असावा, याचा निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने घ्यावयाचा असतो. मूल्य दुप्पट झाले आणि दर निम्मा केला, तर कर तेवढाच राहतो. म्हणून ‘मूल्यांकन वाढले’ एवढ्यानेच भयभीत होण्याचे कारण नाही. आणि ‘दर वाढविला नाही’ अशा घोषणेने निश्चिंत होण्याचेही नाही. शेजाऱ्याच्या मानाने आपले मूल्य किती धरले आणि सर्वांवर मिळून दर किती लावला, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवल्याखेरीज न्यायअन्यायाचा निवाडा होत नाही.

मुंबईचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्यात मालमत्ता कराचा पाया म्हणून ‘करपात्र मूल्य’ ही कल्पना स्वीकारली गेली. घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिले असता वाजवीपणे जे भाडे अपेक्षित धरता येईल, त्यातून दुरुस्ती इत्यादी खर्चापोटी दहा टक्के वजा करावयाचे आणि उरलेल्या रकमेवर कर लावायचा, अशी ती रीत होती. घरात मालक स्वतः राहत असला तरी हिशेब भाडेकरूचाच, फक्त तो भाडेकरू काल्पनिक. इंग्लंडमधील जुन्या पद्धतीवरून घेतलेली ही कल्पना तर्काला धरून होती. घरापासून मिळणारा वार्षिक लाभ हे कर देण्याच्या शक्तीचे माप आणि भाडे हे त्या लाभाचे बाजारातील मोल.

परंतु १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रण कायदा आला आणि जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. युद्धकाळातील आणि फाळणीनंतरच्या गर्दीत गिरणीकामगाराला, कारकुनाला, विस्थापिताला ज्या कायद्याने छप्पर टिकवून दिले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याचा एक परिणाम महापालिकेच्या तिजोरीवर झाला. कायद्याने जेवढे भाडे घेता येते त्याहून अधिक भाडे ‘वाजवीपणे अपेक्षित’ धरता येईल काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे गेला. कलकत्ता महापालिकेच्या पद्मा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याचे नकारार्थी उत्तर दिले. आणि १९८० च्या सुमारास नवी दिल्लीच्या देवान दौलत राय कपूर खटल्यात पुढे जाऊन असे सांगितले की, प्रमाण भाडे प्रत्यक्ष ठरविले गेलेले नसले तरी आणि मालक स्वतः राहत असला तरी करपात्र मूल्य प्रमाण भाड्याची मर्यादा ओलांडू शकत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष सुसंगत होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यातून मोठी विसंगती जन्मास आली. प्रमाण भाडे इमारत बांधली त्या वेळच्या जमिनीच्या आणि बांधकामाच्या खर्चाशी जोडलेले. त्यामुळे दक्षिण मुंबईतील समुद्राकाठच्या जुन्या प्रशस्त सदनिकेचे करपात्र मूल्य नाममात्र राहिले आणि दूरच्या उपनगरात कर्ज काढून नवी सदनिका घेणाऱ्या नोकरदाराचे मूल्य त्याच्या कितीतरी पट धरले गेले. जुन्याला अभय आणि नव्याला भार, असा हा न्याय! धनवानाची जुनी मालमत्ता आणि गरिबाची जुनी खोली यांत भेद करण्याचे साधनच त्या पद्धतीपाशी उरले नाही. भाडेनियंत्रणाचे संरक्षण भाडेकरूसाठी होते. करसवलतीचा मोठा वाटा मात्र जुन्या बड्या मालमत्तांच्या पदरी पडला. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा २००० साली अमलात आला आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली, तरी साठ वर्षांची दरी त्याने भरून निघणे शक्य नव्हते.

या पार्श्वभूमीवर १ एप्रिल २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित पद्धत लागू झाली. भाड्याऐवजी मालमत्तेची किंमत हा नवा पाया ठरला. मुद्रांक शुल्कासाठी शासन जो वार्षिक मूल्यदर तक्ता प्रसिद्ध करते, ज्याला व्यवहारात ‘रेडी रेकनर’ म्हणतात, त्यातील त्या विभागाचा दर घ्यावयाचा, त्याला क्षेत्रफळाने गुणावयाचे, आणि नंतर वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला अशा गुणकांनी तो आकडा कमीअधिक करावयाचा. येणारे उत्तर म्हणजे भांडवली मूल्य. त्यावर वापरानुसार ठरलेला दर लागतो. साधारण कर, पाणीपट्टी व जललाभ कर, मलनिःसारण कर व त्याचा लाभकर, शिक्षण उपकर, रस्ते कर, वृक्ष उपकर असे अनेक घटक एकाच बिलात एकत्र येतात. त्यांपैकी काही रकमा महापालिका केवळ राज्य शासनासाठी गोळा करते. शहरातील बिगरनिवासी मालमत्तांवरील रोजगार हमी उपकर हा त्यांतलाच. महाराष्ट्राच्या ग्रामीण रोजगार हमीच्या खर्चात शहरातल्या दुकानांचा आणि कचेऱ्यांचा वाटा असावा, हे तत्त्व या उपकरामागे आहे.

हे गणित एका कल्पित उदाहरणाने पाहावे. समजा, एका सदनिकेचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे आणि तक्त्यातील दर चौरस मीटरला १ लाख रुपये आहे. मूळ किंमत ६० लाख. निवासी वापराचा गुणक ०.५ धरला, तर ३० लाख राहिले. जुन्या इमारतीसाठी वयाचा गुणक ०.८ धरला, तर २४ लाख. कराचा एकूण दर शेकडा ०.३ धरला, तर वर्षाचा कर ७,२०० रुपये. आता दप्तरात क्षेत्रफळ ६० ऐवजी ७२ लिहिले गेले, तर कर ८,६४० होतो. म्हणजे एका चुकीच्या आकड्यापायी दरसाल १,४४० रुपयांचा भुर्दंड. वयाची नोंदच राहून गेली, तर कर ९,००० होतो. निवासी घरावर चुकून दुकानाची नोंद लागली, तर वापराचा गुणक आणि दर हे दोन्ही बदलतात आणि बिल ओळखू येऊ नये इतके फुगते. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. परंतु त्यांवरून एवढे दिसेल की, घरमालकाचे भवितव्य चारपाच नोंदींवर अवलंबून असते आणि त्यांपैकी प्रत्येक नोंद त्याला स्वतः पडताळून पाहता येते.

भांडवली मूल्याच्या तत्त्वाला समाजवादी विचाराचा आधार आहे काय? आहे, परंतु तो सरसकट नाही. जमिनीचा खंड हा मालकाच्या श्रमाचे फळ नसतो, हे रिकार्डोने १८१७ साली मांडले. समाजाच्या प्रगतीने जमिनीची जी किंमत वाढते ती ‘अनर्जित वाढ’ असून तिच्यावर समाजाचा हक्क आहे, असे जॉन स्टुअर्ट मिलने सांगितले. हेन्री जॉर्जने १८७९ च्या आपल्या ग्रंथात तर जमिनीच्या मूल्यावरील कर हाच प्रमुख कर असावा, अशी भूमिका घेतली. रेल्वे आली, रस्ता रुंद झाला, जलवाहिनी पडली की भूखंडाची किंमत वाढते. ती वाढ मालकाने केलेली नसते. शहराने केलेली असते. तिचा काही अंश शहराला परत मिळावा, हे न्याय्यच आहे.

तथापि या तत्त्वाला दुसरी बाजू आहे. गिरणगावातील निवृत्त कामगाराच्या घराची किंमत वाढली, म्हणून त्याचे निवृत्तिवेतन वाढत नाही. घर विकले तरच ती किंमत हाती येणार, आणि घर विकले तर राहायचे कोठे? शेजारी उंच मनोरे उभे राहिले म्हणून तक्त्यातील दर चढतो आणि त्या दराने जुन्या रहिवाशाचे मूल्यांकन होते. सट्टेबाजाला किंमतवाढ हा नफा असतो. राहणाऱ्याला ती नुसती कागदावरची श्रीमंती असते. म्हणून मूल्याधिष्ठित कराला राहत्या घरासाठी मर्यादेची जोड हवीच. पद्धत बदलताना मुंबईत निवासी कर एकदम दुपटीहून अधिक वाढू नये आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर पाच वर्षे वाढू नये, अशी तरतूद केली गेली ती याच जाणिवेतून.

पुढे या लहान घरांना २०१९ साली साधारण करातून आणि १ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण मालमत्ता करातून सूट मिळाली. लहान घराला दिलासा मिळाला, याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु सवलतीचे माप क्षेत्रफळ असावे की मूल्य, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मलबार हिलवरील ४९० चौरस फुटांच्या सदनिकेला कर नाही आणि दहिसरच्या ५५० चौरस फुटांच्या घराला आहे. एकाच धनिकाने गुंतवणूक म्हणून घेतलेल्या पाच लहान सदनिका प्रत्येकी मर्यादेत बसतात; तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या कुटुंबाचे सहाशे फुटांचे एकच घर बसत नाही. लहान दुकान, शिंपीकाम, पिठाची गिरणी चालविणाऱ्या स्वयंरोजगारी माणसाचा गाळा बिगरनिवासी म्हणून या सवलतीच्या बाहेरच राहतो. सवलत द्यावी, पण ती राहत्या एका घराला द्यावी आणि क्षेत्रफळाबरोबर मूल्याचीही अट असावी, हे अधिक न्यायाचे होईल.

मोकळ्या जमिनीचा प्रश्न याहून गंभीर आहे. मुंबईच्या नियमांत अशी तरतूद होती की जमिनीचे भांडवली मूल्य ठरविताना तिच्यावर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, हेही लक्षात घ्यावे. मालमत्ताधारकांनी तिला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली संबंधित नियम रद्द ठरविले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मूल्य आज आहे त्या स्थितीवरून ठरवावे, उद्याच्या शक्यतेवरून नव्हे, असा त्याचा आशय. नियमांना मूळ कायद्याच्या बाहेर जाता येत नाही, हे लोकशाहीतील तत्त्व मान्य केलेच पाहिजे. उद्या तेच तत्त्व लहान घरमालकाच्याही रक्षणाला येईल. परंतु अर्थ असा होतो की, ज्या अनर्जित वाढीविषयी मिल बोलत होता ती पकडण्याचे काम आता नियमांनी नव्हे, तर विधिमंडळाने स्पष्ट कायदा करूनच करावे लागेल. तो कायदा होईपर्यंत भूखंड रिकामा ठेवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्याला वाट पाहणे परवडेल.

पुण्याची पद्धत निराळी. तेथे आकारणी वार्षिक भाडेमूल्यावर होते. मालक स्वतः राहत असेल तर त्या मूल्यात ४० टक्के सवलत देण्याची प्रथा १९७० पासून चालत आली. भाडेमूल्य १ लाख धरले, तर राहत्या मालकासाठी ते ६० हजार. २०१९ च्या सुमारास ही सवलत काढून घेण्यात आली, नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण बिले गेली, असंतोष वाढला आणि २०२३ साली ती पुन्हा लागू झाली. मात्र १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना ‘पीटी-३’ नावाचा अर्ज आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा सादर करणे आवश्यक ठरले. तत्त्व उत्तम आहे : राहणाऱ्याला एक माप, भाडे कमावणाऱ्याला दुसरे. पण अर्ज न भरणारा वृद्ध आणि अल्पशिक्षित घरमालकच हक्काची सवलत गमावण्याचा संभव अधिक. हक्क कागदावर असणे आणि हक्क हाती येणे यांतील अंतर भरून काढणे, हेच तर कार्यकर्त्याचे काम.

या सगळ्याची निकड आज अधिक का? १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. जकात हा गरिबाच्या उपभोगावर पडणारा अप्रत्यक्ष कर होता. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु ती गेल्यामुळे महापालिकेच्या स्वतःच्या हाती उरलेला प्रमुख कर म्हणजे मालमत्ता कर. जकातीची भरपाई राज्य शासनाकडून येते; आणि देणाऱ्याच्या हाती घेणाऱ्याची दोरी असते, हे सांगावयास नको. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरराज्याला जी प्रतिष्ठा देऊ केली, तिला स्वतःच्या उत्पन्नाचा आधार नसेल तर ती पोकळ ठरते. महापालिकेचे रुग्णालय, महापालिकेची शाळा, सार्वजनिक नळ यांचा खरा वापर करणारा वर्ग कोणता? ज्यांना खाजगी रुग्णालय आणि टँकरचे पाणी परवडते तो निश्चितच नव्हे. म्हणून ‘घरपट्टी रद्द करा’ ही घोषणा कानाला गोड लागली, तरी अखेर तिची किंमत गरीबच मोजतो.

कार्यकर्त्याने आपल्या वॉर्डात काय करावे? बिल हाती घेऊन चार नोंदी तपासाव्यात : क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचे वर्ष व प्रकार, आणि विभागाचा दर. खरेदीखत आणि मंजूर नकाशा यांच्याशी त्या ताडून पाहाव्यात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे एकत्रित बिल येत असेल, तर संस्था तो कर सदस्यांवर प्रत्येक सदनिकेच्या आकारणीप्रमाणे वाटते की सरसकट, हे विचारावे. मूल्यवाढीची नोटीस आली की ठरलेल्या मुदतीत लेखी तक्रार नोंदवून पोच घ्यावी आणि सुनावणीस कागदपत्रांसह उपस्थित राहावे. मुदत टळली की उत्तम बाजूही निष्फळ होते. तेथे न्याय मिळाला नाही तर मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे अपील करता येते, पण त्यासाठी मुदत अल्प आहे आणि कराची रक्कम आधी भरावी लागते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के दंड चढतो, हे ध्यानात ठेवून वादग्रस्त रक्कमही ‘निषेधासह’ भरणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. आणि घरपट्टीची पावती हा मालकीहक्काचा दाखला नव्हे, तिने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, हेही लोकांना समजावून सांगितले पाहिजे. या गैरसमजापायी अनेक कुटुंबे फसतात.

आधी कर भरा आणि मग न्याय मागा, ही अट बड्या कंपनीला जाचत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला जाचते. लहान राहत्या घरांच्या अपिलांसाठी ती सैल करावी, ही मागणी रास्त आहे. प्रत्येक वॉर्डातील मूल्यांकनाची यादी गुणकांसह लोकांपुढे उघडी ठेवावी, म्हणजे शेजाऱ्याशी तुलना करता येईल, ही दुसरी. दर आणि सवलती निवडून आलेल्या सभागृहातील खुल्या चर्चेनंतरच ठराव्यात, ही तिसरी. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यानंतर शहराचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. कर लोकांचा आणि निर्णय एका अधिकाऱ्याचा, ही स्थिती पुन्हा येता कामा नये.

एकेकाळी या शहरात मत देण्याचा अधिकार भरलेल्या कराशी आणि भाड्याशी बांधलेला होता. जो कर देई तोच नागरिक. १९४८ साली मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली आणि ती अट गळून पडली. झोपडीतला माणूसही शहराचा धनी झाला. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. नगरपालिकेचा पैसा समारंभांच्या शोभेवर उधळण्यास त्यांचा विरोध होता, कारण तो पैसा रयतेच्या गरजांसाठी आहे, अशी त्यांची धारणा होती. जमा कोठून होते आणि खर्च कोणासाठी होतो, हे दोन प्रश्न त्यांच्या दृष्टीने एकच होते. घरपट्टीचे बिल वाचायला शिकणे म्हणजे ते दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारायला शिकणे होय. पुढील बिले दारात येतील तेव्हा प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक सोसायटीत ते वाचून दाखवणारा एक तरी कार्यकर्ता असावा.